दोन डिस्कचा पिक्चर

मागच्या शनिवारी नगरला जाऊन आलो. (आता अहिल्यानगर म्हणायचं, पण जिभेला वळण लागायला वेळ लागतोय.) कारण साधंच होतं. भिंगारचं मामाचं जुनं घर पाडून नवीन बांधायचं ठरलंय, त्यामुळे माळ्यावरचं सामान खाली काढायचं होतं. मामीचा फोन आला, "तुझी पण काय काय खोकी आहेत, येऊन बघ, नाहीतर भंगारवाल्याला देईन." शिक्रापूरचं ट्रॅफिक, शिरूरला मिसळ, सुप्याला चहा असं करत सकाळी अकराला पोचलो.

माळ्यावर पितळी घंगाळं, मोडका पाळणा, दादाचे लाकडी मुद्गल आणि एक बिस्किटांचं खोकं. खोक्यात व्हीसीड्या. साठ-सत्तर तरी असतील. वरच्याच पाकिटावर मार्करनं लिहिलेलं, 'थाई - डिस्क १'. अक्षर दादाचं.

दादा म्हणजे माझा थोरला मामेभाऊ. आणि ही पोस्ट खरं तर त्याच्याबद्दल आहे, पण सुरुवात पिक्चरपासूनच करावी लागेल.

तर झालं असं की २००५ च्या सुमारास मी नगरला इंजिनियरिंगच्या शेवटच्या वर्षाला होतो. चितळे रोडच्या एका गल्लीत सीडी भाड्यानं देणारं एक दुकान होतं. दिवसाला दहा रुपये. तिथे भाषेप्रमाणे वगैरे कप्पे नव्हते. हिंदी, इंग्लिश आणि 'कराटे' असे तीनच. ब्रूस ली, जॅकी चॅन, जेट ली, सगळे एकाच कप्प्यात, आणि सगळे 'चायनीज'. त्यातच आम्हाला 'ओंग बाक' सापडला. हिंदीत डब केलेला, दोन डिस्कचा, कव्हरची झेरॉक्स इतकी काळी की हीरोचं तोंड दिसेना. हा पिक्चर चीनचा नसून थायलंडचा आहे हे कळायला आम्हाला दोन महिने लागले.

आजच्या मंडळींना व्हीसीडी म्हणजे काय ते सांगायला हवं. एमपीईजी-१ फॉरमॅट, ३५२ बाय २८८ चं चित्र, आणि एका डिस्कवर साधारण ७४ मिनिटं. म्हणजे कुठलाही पिक्चर दोन तुकड्यांतच यायचा. ऐन मारामारीत पडदा काळा व्हायचा आणि कोणीतरी उठून डिस्क बदलायची. आमच्याकडे ते काम माझं, कारण मी धाकटा.

गोष्ट अगदी साधी. एका खेड्यातल्या देवळातल्या बुद्धाच्या मूर्तीचं डोकं चोरून बँकॉकला नेतात. गावकरी हवालदिल होतात आणि टिंग नावाचा पोरगा ते परत आणायला निघतो. आता हे नगर जिल्ह्यातल्या माणसाला समजावून सांगायची गरजच नाही. आमच्याकडे शनिशिंगणापूर आहे. तिथल्या घरांना दारं नाहीत, चोरी केली तर शनिदेव बघून घेतो ही श्रद्धा. २०११ साली तिथे यूको बँकेची बिनकुलपाची शाखा सुद्धा निघाली. दादा म्हणाला, "त्या चोराला म्हणावं एकदा शिंगणापूरला येऊन दाखव." पण मूर्ती गेल्यावर म्हाताऱ्या बायका रडतात तो सीन आला तेव्हा खोलीत कोणी हसलं नाही.

दादा पैलवान होता. होता म्हणतोय, कारण २००१ साली एका यात्रेच्या हगाम्यात त्याचा उजवा गुडघा गेला. (पुण्यामुंबईच्या वाचकांसाठी : आमच्याकडे यात्रेतल्या कुस्त्यांना हगामा म्हणतात. पोरांच्या रेवड्यांच्या कुस्तीपासून सुरुवात होते आणि शेवटची मोठ्या इनामाची.) ऑपरेशन झालं, चालायला लागला, पण कुस्ती सुटली. मग दुधाचा टेम्पो घेतला. पहाटे तीनला उठायची सवय तालमीमुळे होतीच, ती टेम्पोला उपयोगी पडली. घरात कुस्तीचा विषय कोणी काढत नसे.

त्या माणसानं 'ओंग बाक' बघितला आणि पहिल्यांदा बोलायला लागला. आम्ही बघत होतो टोनी जा मारतो कसा. कोपर, गुडघा, उडून डोक्यात. दादा बघायचा पडणाऱ्याकडे. "आरं लका, त्यो पडतोय कसा बघ. खांदा आधी टेकवलाय. शिकवलेलं पडणं आहे ते." प्रत्येक मोठी उडी पिक्चरमध्ये दोन-तीनदा वेगवेगळ्या बाजूंनी दाखवतात. माझे मित्र वैतागायचे. दादाला तेच आवडायचं. म्हणायचा, "पंच असाच पाहिजे, सगळीकडनं बघून निकाल देणारा."

पुढे मी नोकरीला पुण्यात आलो आणि ऑफिसात माझ्यासारखेच दोन येडे भेटले. लंचला आमची चर्चा फक्त हीच. टोनी जा हा थायलंडच्या ईशान्येकडच्या सुरिन प्रांतातला, घरी हत्ती पाळायचे. लहानपणी पन्ना रित्तिक्राय यांचे पिक्चर बघून वेडा झाला आणि पुढे त्यांच्याकडेच शिकायला गेला. हे पन्ना म्हणजे कमी पैशात, आपली पोरं घेऊन, खऱ्या उड्या मारून पिक्चर काढणारे वस्ताद. टोनीनं कितीतरी वर्षं स्टंटमन म्हणून काढली. १९९७ च्या दुसऱ्या 'मॉर्टल कॉम्बॅट'मध्ये हीरोचा डमी तोच होता. मग २००३ साली दिग्दर्शक प्राच्या पिंकॅव आणि पन्ना यांनी त्याला घेऊन 'ओंग बाक' काढला. दोऱ्या नाहीत, कॉम्प्युटरची करामत नाही, डमी नाही.

एकदा एक कलीग सिंगापूरहून येताना मूळ थाई डीव्हीडी घेऊन आला. तिच्यावरून जो काही गोंधळ झाला तो इंजिनियर लोकच घालू जाणे. भारत रीजन ५ मध्ये आणि ती डिस्क रीजन ३ ची. कॉम्प्युटरच्या ड्राइव्हचा रीजन फक्त पाच वेळा बदलता येतो, मग ड्राइव्ह तिथेच कायमचा अडकतो. कोणाचा ड्राइव्ह बळी द्यायचा यावर चिठ्ठ्या टाकल्या. (माझी निघाली.) मग कुठली आवृत्ती किती मिनिटांची याची एक्सेल शीट. युरोपातल्या पाल डिस्कवर सेकंदाला २४ ऐवजी २५ चित्रं पळवतात, त्यामुळे पावणेदोन तासांचा पिक्चर चारेक मिनिटं लवकर संपतो. आम्ही दोन आठवडे ती चार मिनिटं कुठे कापली ते शोधत होतो!

पण खरी कापाकापीही होतीच. 'ओंग बाक'मध्ये पाठलाग चालू असताना भिंतीवर रंगवलेलं दिसतं की ल्युक बेसाँ, आम्ही तुमची वाट बघतोय. दुसरीकडे स्पीलबर्गलाही असाच निरोप आहे. आणि बेसाँ खरंच आला! त्याच्या कंपनीनं हक्क घेतले, मग संगीत बदललं आणि गोष्ट कापली. नायिकेच्या बहिणीचं व्यसनाचं उपकथानक बहुतेक सगळं गेलं. म्हणजे पाहुण्याला जेवायला बोलवावं आणि त्यानं आपल्याच आमटीला परत फोडणी द्यावी, तसं. २००५ च्या 'टॉम यम गूंग'चे तर जास्तच हाल. अमेरिकेत २००६ साली तो 'द प्रोटेक्टर' म्हणून आला, वीस-पंचवीस मिनिटं कमी आणि संगीत नवीन. सुदैवानं त्यातला हॉटेलच्या जिन्यावरचा जवळपास चार मिनिटांचा एकसलग शॉट शाबूत राहिला. आमच्या नगरच्या व्हीसीडीवर मात्र तो तीन ठिकाणी अडकायचा. 'विदाउट कट' काय कामाचं!

तर २००६ च्या दिवाळीत मी ही सगळी अक्कल घेऊन नगरला गेलो. दादाच्या तालमीतले जुने मित्र बसले होते, फराळ चालला होता, आणि नेहमीप्रमाणे तीच डब व्हीसीडी लावलेली. मी बॅगेतनं मूळ डिस्क काढली आणि म्हणालो, "दादा, तू इतकी वर्षं बघतोयस तो खरा पिक्चरच नाही. कापलेला आहे. नकली." आणि लॅपटॉप लावून काय काय कापलंय, संगीत कसं बदललंय, यावर अर्धा तास लेक्चर दिलं. त्याचे मित्र एकेक करून उठले. दादा शेवटपर्यंत बसला. मग म्हणाला, "तुमचा खरा असंल इंजिनियर साहेब. आम्हाला जेवढा मिळाला तेवढ्यावर आम्ही भागवलं." आणि उठून टेम्पो धुवायला गेला.

मला त्या वेळी यात काही चुकलं असं वाटलं नाही. उलट मुद्दा जिंकल्यासारखं वाटलं होतं.

नंतर दादानं थाई पिक्चरचा विषय माझ्याशी काढणं बंद केलं. दरम्यान २००७ मध्ये मोझर बेअरनं २८ रुपयांना व्हीसीडी आणि ३४ रुपयांना डीव्हीडी आणली. विकतच इतकी स्वस्त मिळाल्यावर भाड्यानं कोण नेणार? चितळे रोडच्या दुकानात मोबाइलची कव्हरं लागली. (पुढे २०१८ साली मोझर बेअरचीच अवसायनाची पाळी आली, तो भाग वेगळा.)

२००९ च्या मे महिन्यात मी 'चॉकलेट' घेऊन गेलो. जीजा यानिन नावाच्या मुलीचा २००८ चा पिक्चर, पिंकॅव आणि पन्ना यांचाच. स्वमग्न मुलगी, शेजारच्या मुए थाईच्या शाळेत आणि टीव्हीवर बघून बघून मारामारी शिकते. पिक्चर संपला, नावं सुरू झाली, मी सवयीनं बंद करायला उठलो. दादा म्हणाला, "थांब."

शेवटच्या नावांसोबत शूटिंगमधले अपघात दाखवलेत. इमारतीच्या कठड्यांवरून पडणारी माणसं. आणि या वेळी पडणं चुकलेलं. कोणी पाठ धरून बसलंय, कोणाला उचलून नेतायत, जीजाला स्वतःला लागलेलं, आजूबाजूला सगळे धावतायत. असाच शेवट २००४ च्या 'बॉर्न टु फाइट'लाही आहे. आमच्या भाड्याच्या डिस्कवर मात्र 'समाप्त' झालं की खेळ खलास, नावं बघितल्याचं मला तरी आठवत नाही.

दादानं ती चार-पाच मिनिटं परत लावायला सांगितली. मग परत. मग म्हणाला, "मला ज्यानं पाडलं ना, त्यानंच उचललं होतं. माती पुसली नव्हती अंगाची. खांद्यावर घेऊन फाट्यापर्यंत पळत आला, मग जीप मिळाली. इनाम घ्यायला परत गेलाच नाही."

आठ वर्षांत हे घरात कोणालाच माहीत नव्हतं. आम्ही सगळे त्या पैलवानाला मनातल्या मनात शिव्या घालत होतो. आणि मी? मी कुठल्या डिस्कवर किती मिनिटं कमी आहेत त्याचा हिशेब ठेवत होतो. माझ्या शेजारी बसलेल्या माणसाच्या गोष्टीतला एवढा मोठा तुकडा गायब आहे हे मी कधी विचारलंच नाही.

त्यावर मी "सॉरी" वगैरे काही म्हणालो नाही. आपल्याकडे भावाभावांत तसं म्हणत नाहीत. डिस्क तिथेच ठेवून आलो.

असो. तर परवाचं खोकं. माझ्या लॅपटॉपला ड्राइव्हच नाही, कोणाच्याच नसतो आता. माळीवाड्यातल्या एका दुकानात यूएसबीचा ड्राइव्ह मिळाला. संध्याकाळी दादाची दोन पोरं, मी आणि दादा. डिस्क १ पुसून लावली. तेच मातकट चित्र, तोच भसाडा हिंदी आवाज. चिखलानं माखलेली पोरं वडाच्या झाडावर चढून झेंडा काढतात तो पहिला सीन, दादाच्या धाकट्याला दहीहंडीच वाटली. डिस्क १ न अडकता संपली. डिस्क २ लागलीच नाही. वरचा चंदेरी थर पापुद्र्यासारखा सुटलाय. मी ड्राइव्हचा आवाज ऐकत तासभर वेगवेगळी सॉफ्टवेअर लावली, काही वाचलं गेलं नाही.

मी म्हणालो, "दादा, ऑनलाइन बघतो, पूर्ण आवृत्ती मिळेल, चांगल्या प्रिंटची."

"राहू दे," म्हणाला, आणि पोरांकडे वळून पुढची गोष्ट सांगायला लागला. उजवा पाय लांब करून, हातवारे करत. कोण कुठनं उडी मारतो, कोण कसा पडतो, मूर्तीचं डोकं गावात परत कसं येतं. बहिणीचा भाग त्यात होता. म्हणजे २००६ चं माझं लेक्चर त्यानं नीट ऐकलं होतं तर! आणि शेवटी नावं येतात तिथे त्यानं 'चॉकलेट'मधली माणसं आणून बसवली, उचलून नेणारी. धाकट्यानं विचारलं, "पप्पा, खरंच लागतं का त्यांना?"

"लागतं ना," दादा म्हणाला. "म्हणून तर शेजारी माणसं लागतात."

मी एक्सेल शीट अजून जपून ठेवली आहे. या आवृत्तीची मिनिटं मात्र तिच्यात भरलेली नाहीत. निघताना मामीनं खोकं गाडीत ठेवायला सांगितलं, दादानं काढून परत आत नेलं. नवीन घराला माळा असणार आहे म्हणे.