हाड रुजेपर्यंत

वरच्या जबड्यातली मागची दाढ काढली की ती जागा अनेकजण वर्षानुवर्षं रिकामीच ठेवतात. हसताना दिसत नाही, दुसऱ्या बाजूने चावता येतं, मग घाई कशाची? पण आत बदल सुरू झालेले असतात. चावण्याचा भार गेल्यामुळे तिथलं हाड झिजत जातं आणि नाकाच्या बाजूला, गालामागे असलेली हवेची पोकळी, म्हणजे मॅक्सिलरी सायनस, वरून खाली पसरत येते. पुढे कधी इम्प्लांट बसवायचं ठरतं तेव्हा स्कॅनमध्ये जेमतेम तीन-चार मिलिमीटर हाड उरलेलं दिसतं. तेवढ्यात इम्प्लांटला पुरेसा आधार नसतो.

अशा वेळी आम्ही सायनस लिफ्ट करतो. अमेरिकेत हिल्ट टेटम यांनी १९७०च्या दशकात ही पद्धत विकसित केली, तर बॉइन आणि जेम्स यांनी १९८० साली तिच्यावरचा शोधनिबंध प्रसिद्ध केला. हिरडी बाजूला करून हाडात छोटी खिडकी पाडायची, सायनसचं अस्तर अलगद वर उचलायचं आणि खाली तयार झालेल्या जागेत हाडाचे कण भरायचे. हे अस्तर बहुधा एक मिलिमीटरपेक्षाही पातळ असतं. कच्च्या अंड्याचं कवच कोरून आतला पापुद्रा न फाडता सोडवण्याचा सराव आम्ही करतो, तो यासाठीच.

घरी जाणाऱ्या रुग्णाच्या हातात सूचनांचा कागद असतो. पण मला वाटतं, त्याला यादीपेक्षा कारण कळायला हवं. नाक आणि सायनस एका बारीक छिद्राने जोडलेले असतात. नाक जोरात शिंकरलं की तो दाब थेट सायनसमध्ये पोचतो. अस्तर फाटू शकतं, सैल कण हलू शकतात. म्हणून निदान दोन आठवडे, आणि तुमच्या सर्जनने जास्त सांगितलं असेल तर तितके दिवस, नाक शिंकरायचं नाही, नुसतं पुसायचं. शिंक दाबायची नाही. नाक चिमटीत धरून दाबलेली शिंक सर्वांत वाईट. तोंड उघडं ठेवून ती मोकळी येऊ द्यावी.

एवढं पटलं की बाकीचं रुग्ण स्वतःच ओळखतो. एका निवृत्त शिक्षिकेने मला आपणहून विचारलं, "मग जलनेती आणि कपालभातीही बंद ठेवायची ना?" आमच्या कागदावर तेव्हा दोन्हींचा उल्लेख नव्हता. भस्त्रिका, शंख, बासरी, तुतारी, फुगे फुगवणं, जड सामान उचलणं, खाली वाकून काम करणं, या सगळ्यांमागे दाबाचाच हिशेब आहे. स्ट्रॉने पिताना किंवा विडी-सिगारेट ओढताना उलटा, खेचणारा दाब येतो. विमानप्रवास ठरला असेल तर आधी सर्जनला विचारावं.

तोंडाची स्वच्छता मात्र थांबवायची नाही. पहिल्या दिवशी चूळ भरू नये. दुसऱ्या दिवसापासून कोमट मिठाचं पाणी तोंडात घेऊन मान हळूच कलती करावी आणि पाणी आपोआप बाहेर पडू द्यावं. पिचकारी मारून थुंकू नये. क्लोरहेक्सिडिनचं औषध दिलं असेल तर ते आणि टूथपेस्ट यांत अर्धा तास अंतर ठेवावं. टाक्यांची जागा सोडून बाकीचे दात मऊ ब्रशने घासावेत. टाके कसे आहेत ते ओठ ओढून पाहू नये. झोपताना डोकं दोन उशांवर उंच ठेवावं.

मिश्रीबद्दल मी वेगळं आणि आदराने विचारतो, कारण आपल्याकडच्या अनेक बाया तिला तंबाखूत धरतच नाहीत. निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात आणि नवं हाड रक्तपुरवठ्यावरच जगतं. शिवाय मिश्रीचं बोट थेट जखमेवर फिरतं.

खाणं मऊ आणि फार गरम नसलेलं हवं: दहीभात, पातळ वरण, मुगाची खिचडी, नाचणीची पेज. घास दुसऱ्या बाजूने चावावा. फराळातली चकली, कडबोळी, शेव जखम भरेपर्यंत दूरच ठेवावीत.

सूज दोन-तीन दिवस वाढते, गाल काळानिळा पडू शकतो, नाकातून थोडं रक्त किंवा एखाददुसरा कण येतो. याने घाबरू नये. पण तिसऱ्या दिवसानंतरही सूज वाढत राहिली, ताप आला, पू किंवा दुर्गंधी आली, रक्त थांबेना, किंवा प्यायलेलं पाणी नाकात येऊ लागलं, तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावं. मधुमेह असल्यास साखर काटेकोर सांभाळावी. रक्त पातळ करणारी गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नये.

टाके निघाले, दुखणं थांबलं की माणसाला वाटतं, झालं. पण तेव्हा फक्त हिरडी भरलेली असते. आत रक्तवाहिन्या कणांच्या मधून वाट काढत असतात आणि पेशी नवं हाड घडवत असतात. त्याला साधारण चार ते नऊ महिने लागतात. उशीर होतोय म्हणून रुग्ण नाराज होतात, ते मी समजू शकतो. तरीही कच्च्या हाडात इम्प्लांट बसवण्याची घाई मी करणार नाही.

आणि ज्यांची दाढ अजून काढायची आहे त्यांना आग्रहाने सांगेन: काढण्याआधीच दंतवैद्याला विचारा, ती वाचेल का, आणि वाचणार नसेल तर तिच्या जागेचं हाड कसं राखायचं. तेव्हा घेतलेला निर्णय पुढची ही शस्त्रक्रिया टाळू शकतो.