अस्थी, मोटार आणि लुगडे

घरातील वडील पुरुष वारतो आणि त्याच्या अस्थी घेऊन भावंडे व मुलगा एका मोटारीतून पुण्याहून पंढरपुरास निघतात, एवढेच मंगेश जोशी यांच्या ‘कारखानीसांची वारी’ या चित्रपटाचे कथानक. 2020 साली तो टोकियोच्या महोत्सवात दाखविला गेला व 2021 च्या डिसेंबरात सोनी लिव्हवर आला; आम्ही तो अंबाजोगाईस घरी बसून पाहिला. रस्ता सरतो तसतसे एकेकाच्या पोटातले ओठांवर येते. वाड्यात भांडण झाले तर मनुष्य ओसरीवर जाऊन बसतो; मोटारीतून उठून जाणार कोठे? आषाढी वारीला निघालेली शेगावची पालखी आमच्या गावावरून जाते, तेव्हा अनोळखी माणसेही एकमेकांस ‘माउली’ म्हणतात. या मोटारीत सगळे सख्खे; माउली कोणीच नाही.

मृत्यूच्या कथेत हसण्याजोगे काय आहे, असे आमच्या सौभाग्यवतींनी विचारले. प्रश्न रास्त आहे. फॉकनरची 1930 सालची ‘अ‍ॅज आय ले डाइंग’ ही कादंबरी शिकविताना आम्हांस वर्गातही तो भेटतो. बायकोचे प्रेत पुरावयास निघालेला बाप अखेरीस नवी कवळी आणि नवी बायको मिळवितो. विद्यार्थी आधी हसतात, मग ओशाळतात. शोक खरा असतो, हिशेबही खरा असतो, आणि दोघांना एकाच गाडीत दाटीने बसावे लागते.

आमच्या जिल्ह्यात ही गाडी बहुधा दुय्यम निबंधकाच्या कचेरीपाशी थांबते. 2005 च्या कायद्याने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतका वाटा दिला. पण माहेरचे दार उघडे राहावे म्हणून हक्कसोडपत्रावर अंगठा उठविणाऱ्या बहिणी आजही थोड्या नाहीत. वडिलांच्या पश्चात आमच्या नात्यातील एक बाई अशाच आल्या होत्या. साक्षीदार म्हणून आम्ही हजर होतो. सही झाली, चहा झाला, आणि भावाने पिशवीतून इरकली लुगडे काढून त्यांच्या ओटीत घातले. बाईंनी ते हातावर तोलून पाहिले. “दादा, एकरी किती वार पडलं रे?” त्यांनी विचारले.

कचेरीतले सगळे हसले. भाऊ सर्वांत मोठ्याने. बाईही हसल्या. मग त्यांनी घडी न मोडता लुगडे पिशवीत ठेवले आणि परळीच्या गाडीची वेळ विचारली.