भेगेला ऋतू असतो

परभणीत जुनी घरं घ्यायची, नीट करायची आणि भाड्यानं द्यायची, हे माझं काम. या कामात घर पारखायचं तर आधी माती पारखावी लागते. आपला जिल्हा काळ्या मातीचा. ही माती कापसाला मानवते, पायाला मानवत नाही. पावसात ती फुगते, उन्हाळ्यात आक्रसते आणि वरची भिंत तिच्यासोबत हलते. म्हणून एकदाच घर बघून इसार देऊ नये. मे महिन्यात बघावं आणि चार चांगले पाऊस झाल्यावर पुन्हा बघावं.

सगळ्या भेगा सारख्या नसतात. गिलाव्यावरची बारीक जाळी रंगकामात झाकून जाते. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी निघालेली, वर रुंद आणि खाली निमुळती भेग मात्र पाया एका बाजूनं खचल्याची खूण असते. तिच्यावर मी प्लास्टर ऑफ पॅरिसची आडवी पट्टी लावतो आणि पट्टीवरच तारीख लिहितो. उन्हाळा-पावसाळा पट्टी टिकली, तर भेग जुनी आहे. तडकली, तर भिंतीची हालचाल अजून चालू आहे.

तडकली की नवखा मालक सिमेंट मागवतो. आमचे मिस्त्री म्हणतात, "साहेब, भेग मागून बुजवू, आधी पाणी कुठं मुरतंय ते बघा." आणि बघितलं की सापडतं. गच्चीचं पाणी भिंतीलगत पडतं, मोरीचा पाइप पायाशी गळतो किंवा भिंतीजवळचं मोठं झाड एका कोपऱ्यातली ओल ओढून घेतं. पाया एकीकडे ओला, एकीकडे कोरडा राहिला की भिंत फाटते. पाणी दूर काढणं, पाइप बदलणं आणि घराभोवती बाहेरच्या उताराचा तीन-चार फुटी काँक्रीटचा पट्टा टाकणं, पैसा आधी इथं घालावा. टाइल्स आणि रंग नंतर.

कागदांचंही तसंच. गावठाणातल्या घराचं मालमत्ता पत्रक बघावं. गुंठेवारीतला प्लॉट असेल तर 2001 च्या कायद्याखाली तो नियमित झाल्याचं प्रमाणपत्र मागावं. निजामकाळातले उर्दू कागद असतील तर जाणकाराकडून वाचून घ्यावेत. वडिलोपार्जित घरात हिंदू वारसा कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीनं मुलींचा हक्क मुलांइतकाच आहे. "बहिणींचं काही म्हणणं नाही" एवढ्यावर सौदा करू नये. नोंदणीकृत हक्कसोडपत्र किंवा खरेदीखतावर बहिणींच्या सह्या हव्यातच.

मग हिशोब. समजा घर 25 लाखांना पडलं, दुरुस्तीला 3 लाख लागले. महिन्याला 8,000 भाडं आणि वर्षातून एक महिना घर रिकामं धरलं, तर हाती 88,000 येतात. घरपट्टी, पाणीपट्टी, किरकोळ डागडुजी जाऊन 75,000 उरले, तर परतावा तीन टक्क्यांनाही पोचत नाही. बँकेतली ठेव याहून जास्त देते. म्हणून भाव पाडून मिळालं तरच घर घ्यावं, आणि निव्वळ भाड्याच्या भरवशावर कर्ज काढून तर घेऊच नये.

भाडेकरूंची इथं वाण नाही. 1972 पासूनचं कृषी विद्यापीठ आहे, रेल्वे जंक्शन आहे, आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही आहे. घर बघायला आलेली बाई रंगाकडे बघत नाही. "नळ किती दिवसांनी येतो आणि टाकी केवढी?" हा तिचा पहिला प्रश्न. मोठी टाकी बसवलेलं साधं घर आमच्याकडे फार दिवस रिकामं राहत नाही.

शेवटचं काम करारनाम्याचं. शंभराच्या स्टॅम्पवर नोटरी केलेला 11 महिन्यांचा कागद पुरतो, असा समज घरोघरी आहे. तो चुकीचा आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 55 नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे. नोंदणी नसेल तर वादात भाडेकरू सांगेल त्या अटी, उलट सिद्ध होईपर्यंत, खऱ्या धरल्या जातात. शिवाय मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. तेव्हा किल्ली हातात देण्याआधी करार नोंदवा. त्यानं घर तुमचं राहतं आणि राहणाराही निश्चिंत राहतो.