केडगावची मुक्ती

पुण्याहून दौंडला जाणारी गाडी लोणी, उरुळी, यवत करीत केडगावला येते. अंतर ५५-६० किलोमीटर. (नगरजवळही एक केडगाव आहे, चौकशी करताना घोळ होऊ देऊ नका.) स्टेशनाबाहेर रिक्षावाल्याने विचारले, "बेटावर की मुक्तीला?"

बेट म्हणजे नारायण महाराजांचे दत्तस्थान. डब्यातले बरेचसे सहप्रवासी तिकडेच निघाले होते. आम्ही 'मुक्तीला' म्हटले आणि आत्याने कपाळाला आठ्या घातल्या. "रमाबाईंचीच ना ती? मुलींना बाटवणारी जागा म्हणायचे आमच्याकडे."

मुक्ती मिशन स्टेशनापासून जवळच आहे. आत झाडी, घरे आणि भले मोठे चर्च. आजही इथे निराधार स्त्रिया व मुले राहतात, त्यामुळे प्रेक्षणीय स्थळ समजून घुसू नये, आधी विचारून जावे. आम्हाला मोकळेपणाने फिरू दिले.

पंडिता रमाबाईंचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला संस्कृत शिकवले, म्हणून लोकांचा रोष ओढवून घेतला. पुराणे सांगत हे कुटुंब देशभर तीर्थयात्रा करीत असे. मद्रास इलाख्यातल्या दुष्काळात आई, वडील आणि थोरली बहीण गेली. रमाबाई व भाऊ श्रीनिवास पायी उत्तरेकडे निघाले. झेलमच्या काठी थंडीत पांघरायला काही नव्हते, तेव्हा दोघांनी वाळूत खड्डे खणून गळ्यापर्यंत अंग पुरून घेतले. ही आठवण त्यांनी स्वतः लिहून ठेवली आहे. कलकत्त्यात 'पंडिता' पदवी मिळाली ती त्यानंतर, १८७८ मध्ये.

पुढचे बहुतेकांना ठाऊक असते. १८८२ मध्ये वैधव्य, १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्यावर बाप्तिस्मा, मग अमेरिका. १८८९ मध्ये विधवांसाठी मुंबईत शारदा सदन निघाले आणि पुढच्या वर्षी ते पुण्यात आले. महर्षी कर्व्यांच्या पत्नी बाया कर्वे इथल्याच विद्यार्थिनी. रमाबाई खोलीचे दार उघडे ठेवून प्रार्थना करीत आणि काही मुली येऊन बसत. त्यावरून १८९३ मध्ये वादळ उठले. 'केसरी'ने झोड उठवली; रानडे, भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. धर्म न शिकवण्याची हमी मानणाऱ्या पालकांना फसवणूक वाटली, तर त्यांना सरसकट दोष देता येणार नाही. पण दार लावून देव लपवणे रमाबाईंना जमणारे नव्हते. आत्याचे म्हणणे अगदीच हवेतले नव्हते तर.

मात्र केडगावची गोष्ट दुष्काळापासून सुरू होते. १८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात अन्नान्नदशा झाली. भूक काय असते हे रमाबाईंना कुणी सांगायला नको होते. त्या स्वतः तिकडे गेल्या आणि सुमारे ३०० मुली-स्त्रिया घेऊन आल्या. पुण्यात प्लेग असल्याने इतक्या जणींना ठेवता येईना. केडगावला फळबागेसाठी घेतलेली जमीन होती. तिथेच त्यांची सोय झाली. त्याच वर्षी प्लेगच्या सरकारी रुग्णालयात स्त्रियांची हेळसांड होते म्हणून त्यांनी वृत्तपत्रात जाहीर पत्र लिहिले. राज्य ख्रिस्ती साहेबांचे होते, म्हणून त्या गप्प बसल्या नाहीत. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर इथली संख्या दोन हजारांच्या आसपास गेली.

एवढ्या तोंडांना नुसते जेवू घालणे हेच केवढे काम! पण रमाबाईंनी प्रत्येकीच्या हाताला काम दिले. शेती, गोठा, विणकाम, तेलाचा घाणा. आंधळ्या मुलींना ब्रेल शिकवले, ते कन्या मनोरमेने. आणि छापखाना! आदल्या वर्षापर्यंत अक्षर न ओळखणाऱ्या मुली इथे खिळे जुळवू लागल्या. रमाबाई हिब्रू-ग्रीक शिकल्या आणि खेड्यातल्या बाईला कळेल अशा मराठीत अख्खे बायबल उतरवले. ते छापले याच मुलींनी. १९२२ मध्ये रमाबाई वारल्या. मनोरमा आदल्याच वर्षी गेली होती.

परतीची गाडी उशिरा होती. फलाटावरच्या बाकावर आत्या बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "आजीची एक जाऊ होती. अकराव्या वर्षी विधवा झालेली. केस काढलेले, आलवण नेसून माजघरात. मी लहान असताना तिचे पाय चेपायचे. नाव विचारले तर हसायची, सांगायची नाही."

"मग काय होते नाव?"

"कुणाला विचारू आता," आत्या म्हणाली आणि गाडीची वेळ पाहायला उठली.