आंबोलीच्या वाटेवरील एक निदान

कोल्हापुराकडून निपाणी, उत्तूर, आजरा या मार्गानें कोंकणांत उतरणाऱ्यास सह्याद्रीचें दर्शन हळूहळू घडतें. तंबाखूचीं व उंसाचीं शेतें मागें पडतात, आजऱ्याजवळ भातखाचरें दिसूं लागतात, आणि सुमारें ७०० मीटर उंचीवर आंबोली गांव लागतें. येथें उगम पावणारी हिरण्यकेशी पूर्वेकडे वळून घटप्रभेस मिळते व तिचें पाणी कृष्णेवाटे पूर्वसमुद्रास जातें. गांवाच्या पश्चिम कड्यावरून कोसळणारें पाणी मात्र कोंकणांतून पश्चिमसमुद्र गांठतें. खरा घाट आंबोलीच्या पुढें आहे. तीव्र वळणें, आणि पावसाळ्यांत दहा हातांपलीकडचें दिसूं न देणारें धुकें.

सन २०२३ च्या भाद्रपदांत श्रीगणेशचतुर्थीकरितां सावंतवाडीस आप्तांकडे जावयाचें होतें. माझा पुतण्या मोटरसायकलवरून दूरदूरचे प्रवास करणारा. त्याच्या मागें बसून मीं हा मार्ग धरला. वाटेंत गाडीस एक विलक्षण विकार जडला. चालतां चालतां एंजिन एकाएकीं बंद पडे, सारे दिवे मालवत, आणि क्षणभरानें सर्व पूर्ववत् होई. उत्तुराजवळ हें प्रथम घडलें, आजऱ्यास पुन्हां घडलें. तेथील कारागिरानें तपासलें तेव्हां गाडी गुणी मुलासारखी चालत होती! त्यानें स्पार्क प्लग बदलला व नवी बॅटरी घेण्यास सुचविलें. आयुर्वेदांत वर्णिलेल्या विषमज्वराचीच ही तऱ्हा : वैद्य येतो तेव्हां ताप नसतो.

आंबोलीच्या अलीकडे, पाऊस थांबण्याची वाट पाहत तासभर विसावून निघालों, तोंच तिसऱ्यांदा तेंच झालें. गांवांत चहा घेतांना पुतण्या म्हणाला, "काका, पावसाचें पाणी कोठें तरी शिरलें असेल. आतां घाट उतरूं, पुढचें सावंतवाडींत पाहूं."

"अरे, उत्तुरास पाऊस कोठें होता?" मीं विचारलें. धुक्यांत मागचा दिवा मालवला तर पाठीमागून येणाऱ्या मालमोटारीस आम्ही दिसणार कसे, ही मला धास्ती होती.

मीं प्रत्येक वेळीं वहींत टिपून ठेविलें होतें : हवा कशी, एंजिन तापलेलें कीं थंड, रस्ता सरळ कीं वळणाचा, दिवे गेले कीं राहिले. न्यायशास्त्रांत अन्वय व व्यतिरेक असे दोन शब्द आहेत. कारण असतां कार्य असणें हा अन्वय. कारण नसतां कार्य नसणें हा व्यतिरेक. या कसोटीस पाऊस उतरला नाहीं. उष्णताहि उतरली नाहीं, कारण तिसऱ्या वेळीं एंजिन थंड होतें. बॅटरी दुर्बळ असती तर दिवे आधीं मंदावले असते. मात्र तिन्ही वेळां गाडी हळू चालवीत हँडल बरेंच डावीकडे वळविलें होतें, आणि सरळ रस्त्यावर हा प्रकार एकदांहि घडला नव्हता.

गाडी मोकळ्या जागीं मधल्या स्टँडवर, न्यूट्रलमध्यें चालू ठेवून पुतण्यानें हँडल सावकाश डावीकडे फिरविलें. एंजिन थांबलें, दिवे गेले! सरळ करतांच दिवे परत आले. हँडलच्या मानेपाशीं तारांचा जुडगा वारंवार वाकतो. तेथें किल्लीच्या स्विचास जाणाऱ्या एका तारेचें आवरण शाबूत, परंतु आंतील तांबें तुटलेलें होतें. तुटलेलीं टोंकें सरळ स्थितींत टेकत, वळणावर विलग होत. बॅटरीची जोडणी सोडून त्यानें तेथें नवा तुकडा जोडला, वर चिकटपट्टी गुंडाळली, व हँडल फिरतांना ताण पडूं नये म्हणून जुडगा किंचित् सैल बांधला.

ज्यांच्या घरीं तरुण मंडळी अशा लांबच्या प्रवासास निघतात त्यांनीं कांहीं खुणा ध्यानांत ठेवाव्या. एंजिनसह सर्व दिवे एकदम गेले तर बॅटरीचीं टोंकें, मुख्य फ्यूज व किल्लीचा स्विच येथें शोध घ्यावा. दिवे राहून एंजिन तापल्यावरच बंद पडत असेल व निवल्यावर चालत असेल, तर इग्निशन कॉइलचा संशय घ्यावा. जोर हळूहळू ओसरत असेल व पेट्रोलच्या टाकीचें झांकण उघडतांच परतत असेल, तर झांकणांतील हवेचें छिद्र बुजलेलें असावें. पूर्ण भरलेल्या बारा व्होल्टच्या बॅटरीचा दाब एंजिन बंद असतां सुमारें १२.६ व्होल्ट असतो. एंजिन वेगांत असतां तो सुमारें १३.५ ते १४.५ असावा. याहून खालीं राहिल्यास बॅटरी बदलण्यापूर्वीं ती भरणारी यंत्रणा तपासावी.

आणि कारागिराकडे जातांना "मधूनमधून बंद पडते" एवढेंच सांगूं नये. केव्हां पडते, केव्हां पडत नाहीं, हें लिहून न्यावें. त्यांतलें दुसरें टिपण्याचा लोक कंटाळा करतात. आमच्या गाडीचा दोष मात्र सरळ रस्त्यावरील त्या निर्विघ्न मैलांनींच अर्धा उघड केला.