सालेकसाचे जंगल आणि बाराव्या दिवसाचा ताप

गोंदियाहून डोंगरगडकडे जाणारी गाडी आमगाव, सालेकसा मागे टाकून दरेकसाजवळ येते, तेव्हा भातशेती संपून जंगल थेट रुळांपाशी येते. डोंगरगडच्या चंद्रगिरी तीर्थावर १८ फेब्रुवारी २०२४ रोजी आचार्यश्री विद्यासागरजी महाराजांची समाधी झाली. तेव्हापासून आमच्या परिचयातील अनेक कुटुंबे या मार्गाने दर्शनाला जातात आणि परतताना दरेकसाला उतरून हाजरा धबधबा पाहतात. जवळच गोंड समाजाचे श्रद्धास्थान असलेली कचारगडची विशाल गुहा आहे.

गेल्या आश्विनात आम्हीही असेच उतरलो. पावसाळा नुकताच सरला होता आणि धबधबा भरात होता. गाळून उकळलेले पाणी सोबत होते, भोजन सूर्यास्तापूर्वीच उरकले होते. पथ्यपाण्यात कोठे उणे नाही, असे समाधान वाटत होते. मग अंधार पडेपर्यंत ओढ्याकाठी स्तवने म्हणत बसलो. बहुतेकांचे हात उघडे, पायांत साध्या चपला!

हिवताप पसरवणारा ॲनोफेलिस डास नेमका तिन्हीसांजेपासून पहाटेपर्यंत चावतो. त्याची एक जात तर संथ वाहणाऱ्या स्वच्छ ओढ्यातच वाढते. गढूळ डबक्यापासून दूर बसलो म्हणजे सुटलो, हा आपला भ्रम.

बाराव्या दिवशी आमच्यातील एका सद्गृहस्थांना हुडहुडी भरून ताप आला. दिवाळीच्या हिशेबाचे दिवस. तापाची गोळी घेऊन ते तीन दिवस गादीवर बसले. चौथ्या दिवशी शुद्ध हरपू लागली, तेव्हा डॉक्टरांनी विचारले, ‘अलीकडे जंगलात गेला होता का?’ रक्ततपासणीत फॅल्सिपेरम हिवताप निघाला. हा प्रकार मेंदूपर्यंत जाऊ शकतो. आठवडाभर रुग्णालयात राहून ते बरे झाले.

नवल असे, की हेच गृहस्थ पूर्वी केनियात मसाई मारा पाहून आले होते. तेव्हा प्रवासाच्या दहा दिवस आधी यलो फीव्हरची लस घेतली (वय साठीपुढचे, म्हणून आधी डॉक्टरांचा सल्लाही), पूर्ण बाह्यांचे कपडे शिवले, मच्छरदाणीत झोपले, हिवताप टाळण्याच्या गोळ्या परतल्यावरही ठरलेले दिवस घेतल्या. आफ्रिकेचा धाक होता; सालेकसा तर घरचे! गोळ्यांचे प्रत्येक सहलीला कारण नसते, ते डॉक्टरांनी ठरवावे. पण पूर्ण बाह्या, मोजे, अंगाला लावायचे मलम आणि मुक्काम असल्यास मच्छरदाणी, एवढे तरी हवेच. मच्छरदाणीने जीवही मारावा लागत नाही, हे आपल्या घरांत मुद्दाम सांगण्याजोगे.

परतल्यावर महिनाभरात ताप आला, तर ‘जंगलात गेलो होतो’ हे डॉक्टरांना आपणहून सांगावे व त्याच दिवशी रक्त तपासावे. या भागातील गावांत आशाताई बोटातून थेंबभर रक्त घेऊन ही तपासणी मोफत करतात. व्हायवॅक्स प्रकार निघाला, तर चौदा दिवसांचा औषधक्रम पुरा करावा लागतो. ताप उतरला म्हणून तो मध्येच सोडला, तर यकृतात दडलेले जंतू काही महिन्यांनी पुन्हा डोके वर काढतात.

यंदा कार्तिकात पुन्हा चंद्रगिरीला जायचे ठरले आहे. दरेकसाहून दिवसाउजेडी सुटणारी गाडी कोणती, याची चौकशी सध्या ते गृहस्थच करीत आहेत.