डॉक्टरांच्या दोन साक्षी

मनिलाच्या उत्तरेला वालेन्सुएला नावाचं शहर आहे. कारखाने, गोदामं, कंटेनरचे ट्रक, आणि जोराचा पाऊस झाला की रस्त्यावर पाणी. क्लायंटच्या गोदामात नवीन स्टॉक सिस्टीम बसवायला मी तिथे दोन महिने होतो. गोदामाची सुपरवायझर चाळिशीतली बाई होती. तिला सगळे 'आते' म्हणायचे. तगालोगमध्ये आते म्हणजे मोठी बहीण. आमच्याकडे आते म्हणजे बापाची बहीण, हे मी तिला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे मी तुझ्यापेक्षा कितीतरी मोठी झाले की!"

पहिल्याच आठवड्यात मी तिला विचारलं, वालेन्सुएला हे कुणाचं नाव?

"डॉक्टरांचं," ती बारकोड स्कॅन करत म्हणाली. "आमच्या गावचे मेयर होते."

शेजारच्या पोराने लगेच दुरुस्ती केली. क्रांतिकारक होते, शाळेत धडा असतो. आतेने मान हलवली. "ते पण होते. पण आधी आमचे मेयर."

रात्री हॉटेलवर डॉ. पिओ वालेन्सुएलांबद्दल वाचायला घेतलं, ते पुढे कितीतरी रात्री चाललं. त्याला कारण होतं. त्याच सुमारास मी कंपनीत एक खोटा रिपोर्ट लिहून बसलो होतो.

वालेन्सुएलांचा जन्म ११ जुलै १८६९चा, पोलो या गावातला. आज ज्याला वालेन्सुएला शहर म्हणतात ते तेव्हा बुलाकान प्रांतातलं पोलो होतं. नाव 'पुलो' म्हणजे बेट या शब्दावरून आलेलं, कारण गावाच्या चहूबाजूंनी नद्या-ओढे. पोरगा मनिलाला शिकायला गेला आणि १८९५मध्ये सांतो तोमास विद्यापीठातून डॉक्टर झाला. पण त्याआधीच, १८९२मध्ये, विद्यार्थी असताना तो कातिपुनानमध्ये सामील झाला होता. ही स्पॅनिश सत्ता उलथवायला निघालेली गुप्त संघटना. तिचा नेता आंद्रेस बोनिफासिओ गोदामात काम करणारा माणूस होता. ही ओळ वाचून मला आमच्या गोदामातली पोरं आठवली.

१८९६मध्ये संघटनेने 'कालायाआन' (स्वातंत्र्य) नावाचं वर्तमानपत्र काढलं. एमिलिओ हासिंतोबरोबर त्याच्या कामात डॉक्टर होते. अंक मनिलात छापला गेला, पण त्यावर छपाईचं ठिकाण योकोहामा आणि संपादक म्हणून मार्सेलो देल पिलार यांचं नाव होतं. पोलिसांनी जपानच्या दिशेने शोधत बसावं, हा डाव. अंक निघाल्यावर सभासद काही शेकड्यांवरून तीस हजारांच्या आसपास गेले असं सांगतात. हा आकडाही डॉक्टरांनीच दिलेला.

मग तो प्रसिद्ध प्रवास. होसे रिझाल हा देशाचा सगळ्यात मोठा लेखक आणि डोळ्यांचा डॉक्टर तेव्हा मिंदानाओ बेटावर दापितानमध्ये हद्दपारीत होता. आम्ही उठाव करतोय, तुमचा पाठिंबा आहे का, हे त्याला विचारायचं होतं. जून १८९६मध्ये संघटनेने वालेन्सुएलांना पाठवलं. संशय येऊ नये म्हणून बरोबर रायमुंदो माता नावाचा आंधळा माणूस घेतला. डॉक्टर रोग्याला मोठ्या डॉक्टरकडे घेऊन चालला आहे, यात कुणाला काय वावगं वाटणार? माणूस खरंच आंधळा होता, रिझाल खरंच डोळ्यांचा डॉक्टर होता. खोटं होतं ते फक्त जाण्याचं कारण.

त्या भेटीत रिझाल नक्की काय म्हणाला, यावर फिलिपिन्समध्ये आजही वाद चालतात. ऑगस्टमध्ये संघटनेचा सुगावा लागला, धरपकड सुरू झाली. गव्हर्नर जनरलने माफी जाहीर केली आणि सप्टेंबरच्या सुरुवातीला वालेन्सुएला स्वतःहून हजर झाले. चौकशीत त्यांनी सांगितलं की रिझालचा उठावाला ठाम विरोध होता. त्याचा उपयोग झाला नाही. ३० डिसेंबर १८९६ला रिझालला गोळ्या घातल्या. माफी मिळेल म्हणून हजर झालेल्या डॉक्टरांनाही स्पेनला पाठवलं. माद्रिद, मालागा, बार्सिलोना आणि शेवटी आफ्रिकेच्या किनाऱ्यावरचं मेलिया. सगळी मिळून दोनेक वर्षांची कैद.

दोन दशकांनी त्यांनी वेगळंच सांगितलं. रिझालचा विरोध नव्हता. हत्यारं जमवा, पैसेवाल्यांना आणि शिकलेल्यांना बरोबर घ्या, तोवर थांबा, एवढंच तो म्हणाला होता. मग आधीची साक्ष? म्हातारपणी त्यांनी इतिहासकार तेओदोरो आगोन्सिलो यांना सांगितलं, ते मी खोटं बोललो होतो. रिझालला वाचवायला.

हे वाचून मी फोन उलटा ठेवला.

माझी गोष्ट फारच छोटी आहे. त्या महिन्यात एका रात्री आम्ही नवं व्हर्जन लाइव्ह केलं आणि गोदामाचा अर्ध्या दिवसाचा स्टॉक सिस्टीममधून गायब झाला. आदल्या संध्याकाळी पुण्याहून टीममधल्या सगळ्यात ज्युनियर पोराने मला विचारलं होतं, "दादा, रोलबॅकची स्क्रिप्ट एकदा चालवून बघू का?" मी म्हणालो होतो, "राहू दे रे, वेळ नाहीये." हे बोलणं फोनवर झालं, म्हणजे कुठेही नोंद नाही. दुसऱ्या दिवशी काय चुकलं याचा रिपोर्ट मागितला गेला. मी लिहिलं, 'रोलबॅकची चाचणी संबंधित डेव्हलपरकडून राहून गेली.' वाक्यात खोटा शब्द एकही नाही. महिन्याभरात त्या पोराला प्रोजेक्टवरून काढलं. माझा ऑनसाइट मुक्काम वाढला.

त्यामुळे डॉक्टरांचं पुढे काय झालं हे मला कळायलाच हवं होतं. दोन उलट साक्षी मागे असताना माणूस जगतो कसा?

उत्तर आतेने आधीच दिलं होतं. तो गावी जातो.

डॉक्टर एप्रिल १८९९मध्ये मनिलाला परतले. तोवर स्पेन गेला होता आणि अमेरिका आली होती. कुणीतरी चुगली केली, हा जहाल माणूस आहे. अमेरिकनांनी त्यांना सप्टेंबरपर्यंत पुन्हा आत टाकलं. सुटले आणि पोलोचे नगराध्यक्ष झाले. एका राजवटीच्या तुरुंगातून दुसरीच्या, आणि तिथून थेट गावच्या खुर्चीत.

ती खुर्ची मिरवायची नव्हती. मनिला-दागुपान रेल्वेच्या मार्गाने अमेरिकन फौज उत्तरेला निघाली तेव्हा २६ मार्च १८९९ला पोलोजवळच्या मालिंताला लढाई झाली होती. तिथे अमेरिकनांचा कर्नल एग्बर्ट पडला. सहा महिन्यांपूर्वी जिथून सैन्य गेलं, ते गाव चालवायचं होतं. वर परक्यांचं लष्कर, बाजूच्या रानात आपलेच लोक अजून लढतायत. इकडे झुकलं तर गद्दार, तिकडे झुकलं तर बंडखोर.

गावच्या राजकारणात डॉक्टर का असायचे, हेही तेव्हाच्या कायद्यातून कळतं. १९०१च्या नगरपालिका कायद्याने मत फक्त तेवीस वर्षांवरच्या पुरुषांना दिलं. त्यातही इंग्रजी किंवा स्पॅनिश लिहिता-वाचता यायला हवं, नाहीतर ५०० पेसोंची मालमत्ता किंवा ३० पेसोंचा कर भरलेला हवा, नाहीतर आधी गावात पद सांभाळलेलं हवं. तगालोग बोलणारा भूमिहीन कूळ या चाळणीतून खालीच पडायचा. उरायचे जमीनदार, वकील, डॉक्टर. पण डॉक्टरचा एक फरक होता. ज्यांना मत नाही त्यांच्या घरात तो रात्री-बेरात्री जायचा.

आणि कामही आजारपणाशी जोडलेलं. मार्च १९०२मध्ये मनिलात कॉलरा सुरू झाला. दोनेक वर्षांत देशात लाखावर माणसं गेली. अमेरिकन अधिकारी घरं जाळत, रोग्यांना उचलून छावणीत नेत. लोक रोगी लपवत. अशा वेळी विहिरीचं पाणी उकळून प्या हे सांगायला गावाला गावातलाच माणूस लागतो. चौकातल्या भाषणाने ते होत नाही. त्याच्यावर विश्वास असावा लागतो.

मला वाटतं, वालेन्सुएलांच्या आयुष्याचं कोडं इथे सुटत नाही, पण बदलतं. दापितानच्या खोलीत काय बोलणं झालं हे तपासायला कुणीच नव्हतं. रिझाल मेला, बोनिफासिओ मेला, उरली डॉक्टरांची साक्ष. गावात मात्र तुमची साक्ष रोज तपासली जाते. नाली वाहते की तुंबते, बाळंतिणीला बघायला डॉक्टर आले की नाही, हे सांगायला इतिहासकार लागत नाही. आणि या माणसाने माफी घेतली होती, हे बुलाकानमध्ये कुणापासून लपलेलं नव्हतं. तरी १९२०च्या दशकाच्या पहिल्या निम्म्यात त्याच प्रांताने त्यांना गव्हर्नर म्हणून निवडून दिलं. भ्रष्टाचाराच्या मागे लागून वरच्यांशी भांडण घेणारा गव्हर्नर अशी त्यांची ख्याती झाली. राजकारण सोडल्यावर त्यांनी पैशासाठी डॉक्टरकी केली नाही, गरिबांना फुकट तपासलं. ६ एप्रिल १९५६ला गेले, शहाऐंशी वर्षांचे होऊन.

म्हणून आधीची साक्ष पुसली गेली का? नाही. दोन्ही कागद अजून आहेत, आणि कुठला खरा यावर लोक अजून भांडतात. पण त्यांनी दुसरा कागद लिहिला तेव्हा त्यात त्यांचा फायदा काहीच नव्हता. उलट मी खोटं बोललो होतो, हे त्यांना स्वतःच्या तोंडाने म्हणावं लागलं.

निघायच्या आदल्या दिवशी मी आतेला विचारलं, डॉक्टर रिझालबद्दल खरं बोलले असतील का?

तिने खांदे उडवले. "ते मनिलावाल्यांना विचार." मग थांबून म्हणाली, "माझी आजी सांगायची, तिच्या आईकडून त्यांनी कधी पैसे घेतले नाहीत."

१९६०मध्ये पोलोचे दोन भाग झाले, त्यातल्या एकाला डॉक्टरांचं नाव मिळालं. १९६३मध्ये भाग पुन्हा एक झाले आणि सगळ्या गावाचंच नाव वालेन्सुएला झालं. १९७५मध्ये ते बुलाकानमधून काढून मेट्रो मनिलात घातलं. बुलाकानच्या गव्हर्नरचं गाव आता बुलाकानमध्ये नाही.

पुण्याला परतल्यावर मी तो रिपोर्ट उघडला. आठ महिने झाले होते, कुणी विचारत नव्हतं. मी मॅनेजरला मेल लिहिला, रिपोर्टवर असलेल्या सगळ्यांना कॉपीत ठेवून : चाचणी करू का असं त्याने विचारलं होतं, नको असं मी सांगितलं, आणि रिपोर्टमध्ये ते मी जाणूनबुजून लिहिलं नाही. पाठवायला दोन दिवस लागले. रिझालला वाचवायचं होतं असं म्हणण्याची सोय मला नव्हती. मला मलाच वाचवायचं होतं.

मॅनेजरचं उत्तर एका ओळीचं आलं : नोंद घेतली. अप्रेझलमध्ये त्याचं काय व्हायचं ते झालं.

त्या पोराचा मेसेज रात्री आला. तो आता दुसऱ्या टीममध्ये आहे. 'दादा, मला माहीत होतं,' एवढंच. पुढे बराच वेळ टायपिंग, टायपिंग दिसत राहिलं, मग तेही थांबलं.